रंग वाळेपर्यंत

९ सप्टेंबर

बाबा,

‘‘आता यापुढे तुझं माप तुझी आई घेईल.’’

हे वाक्य तुम्ही म्हणाला होतात, आठवतं का? मी पाचवीत होते. दुकानात स्टुलावर उभी, दोन्ही हात वर, शाळेच्या नव्या गणवेशासाठी. टेप माझ्याभोवती आणता आणता तुम्ही थांबलात, टेप परत आपल्या गळ्यात टाकलीत, एवढं बोललात आणि मशीनवर जाऊन बसलात. मी बराच वेळ तशीच, हात वर करून. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही, आणि तुम्हाला विचारायचं मला सुचलंही नाही. त्या संध्याकाळी माप आईने घेतलं. त्या वर्षीचा गणवेश खांद्यात ढगळ झाला होता.

आज हे आठवलं ते शाळेच्या कामामुळे. यंदा आमच्याकडे लहान वर्गांना ‘मी आणि माझी माणसं’ असा आठवड्यातून एक तास सुरू झालाय, आणि तो मीच आखलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपलं शरीर, मैत्री, घर, राग आला तर काय करायचं, कुणाला काय सांगायचं. तुम्ही म्हणाला होतात, ‘‘रागाचा तास आठवड्यातून एकदाच? आमचे गुरुजी रोज घ्यायचे.’’ मोठ्या बाईंना हे सांगितलं तर त्या खूप हसल्या होत्या.

इकडे रंगाचं काम अजून चाललंय. तुम्हाला घाईघाईने धाकट्याकडे पाठवावं लागलं याचं वाईट वाटतं, पण रंगाच्या वासाने तुमचा खोकला बळावला असता. तिथे औषध वेळेवर घेता ना?

सहज एक विचारते. मी शाळेतून यायच्या आधी दुपारी तुम्ही आणि तुमची नात, खारू, काय करत होता? तुम्ही गेल्यापासून ती गप्प असते. एखादा खेळ असेल तर मीही खेळेन तिच्याशी.

तुमची
ताई

९ सप्टेंबर

धाकट्या,

हे पत्र वेगळ्या पाकिटात, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. फोनवर बोलता येत नाही, कारण खारूचे कान सारखे माझ्याकडे असतात.

घराला रंग लावत नाही आहोत. रंगाचा डबासुद्धा आणलेला नाही.

खारू तिसरीच्या ब वर्गात आहे आणि मी अ वर्गाला शिकवते. आपल्या मुलीला आपण शिकवायचं नाही, असा शाळेचा नियम. त्यामुळे मी लिहिलेला धडा तिला ब वर्गाच्या बाईंनी शिकवला. धडा होता गुपितांचा. चांगलं गुपित म्हणजे ज्याच्या शेवटी सगळे खूश होतात, वाढदिवसाच्या भेटीसारखं. ते जपायचं. वाईट गुपित म्हणजे ज्यात कुणी आपल्या अंगाला हात लावतं आणि सांगू नको म्हणतं. ते लगेच सांगायचं. ही वाक्यं माझी आहेत. मी ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली, आणि बाबा समोर बसून कुठल्याशा शर्टाची काजं करत होते.

खारूने हात वर केला आणि म्हणाली, ‘‘माझे आजोबा दुपारी दार लावतात, मला हात वर करून उभं करतात आणि म्हणतात, आईला सांगू नको.’’

ब वर्गाच्या बाईंनी ते मोठ्या बाईंना सांगितलं. तसं करायचं हेही मीच लिहिलंय. मग मला बोलावलं. त्या खोलीत मी नेहमी कपाटाजवळच्या खुर्चीवर बसते, शिक्षकांच्या बाजूला. त्या दिवशी मला समोरची खुर्ची दाखवली, पालकांची. तिचा एक पाय मोडका आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं.

तू म्हणशील, बाबा शिंपी आहेत, माप घेत असतील. मीही तेच म्हणाले. मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, ‘‘मग काय शिवलं त्यांनी तिला?’’ काहीच नाही, धाकट्या. गेल्या वर्षभरात खारूचं साधं बटणसुद्धा नवीन नाही. मी घरी येऊन मागची खोली पाहिली. एक चिंधी सापडली नाही. खारूला विचारलं, ‘‘आजोबा माप घेत होते का?’’ तर ती ओठ आवळून म्हणाली, ‘‘ते मी सांगणार नाही.’’ समुपदेशक बाईंनाही तेच, ‘‘हात वर करायला सांगतात ते सांगायचं होतं. कशाला, ते नाही सांगायचं.’’

चौकशी पूर्ण होईपर्यंत बाबांनी तिच्याबरोबर एका घरात राहू नये, असं ठरलं. आणि ज्याच्याविषयी आहे त्याला घरच्यांनी आधी काही विचारायचं नाही, असाही नियम आहे. म्हणून रंगाची थाप. तरी बाबांच्या पत्रात मी सहज म्हणून दुपारचं विचारलंच.

आणखी एक लिहायचंय आणि हात पुढे जात नाही. तुझ्याकडेही बाळ आहे. मी काही म्हणत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर मी हे सांगितलं असतं, म्हणून तुलाही सांगते.

ताई

१७ सप्टेंबर

चि. ताई,

पत्र पोचलं. तुझं अक्षर वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही, धाकट्याचं वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागतो.

रंग कुठला लावतेस? मागच्या खोलीला पिवळा लावू नकोस. पिवळ्या भिंतीसमोर बसलं की सुईच्या नाकातला धागा दिसत नाही. पांढरा डोळ्यावर येतो. राखाडीकडे झुकणारा निळा बघ. आणि मशीन नीट झाकून ठेवायला सांग, रंगाचा थेंब चाकात गेला की ते म्हातारं माझ्यासारखं कुरकुरायला लागेल.

मापाचं काय विचारतेस! तू मोठी झालीस, म्हणून म्हटलं असेन. त्यात काय एवढं? तुझ्या आईचा हात हलका होता. गणवेश खांद्यात ढगळ झाला होता हे मात्र खरं. मी पाहिलं होतं, पण बोललो नाही, तिला राग आला असता.

दुपारी आम्ही काय करायचो? काही नाही गं. खेळायचो. आजोबा-नातीचं आमचं आमचं असतं. सगळं आईला कळलंच पाहिजे असं कुठाय?

खारूला म्हणावं, आजोबांना सगळं लक्षात आहे. ती समजेल.

इथे सूनबाई चांगली काळजी घेते. बाळाला मात्र सर्दी झालीय वाटतं, हल्ली आतल्या खोलीतच ठेवतात त्याला. मीही लांबूनच हाका मारतो, आपली खोकल्याची लागण नको.

रंग वाळला की कळव. माझी ट्रंक भरायला वेळ लागत नाही.

बाबा

१८ सप्टेंबर

ताई,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

बाबांनी अख्ख्या वस्तीची मापं घेतली आहेत. त्या गल्लीतल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्यांनी शिवलेत, निम्म्या पोरांच्या चड्ड्या. लोक दुकानाच्या फळीवर पोरं ठेवून बाजारात जायचे. आणि तू त्यांना रंगाच्या वासाचं कारण सांगून माझ्याकडे धाडतेस, जसं काही पार्सल.

तुझं पत्र मी बायकोला दाखवायला नको होतं. दाखवलं. तिने ते वाचलं आणि बाळाचा पाळणा आत नेला. आता बाबा पुढच्या खोलीत बसून दाराकडे तोंड करून ‘‘आमचा साहेब उठला का?’’ असं विचारतात आणि आतून ‘‘झोपलाय’’ असं उत्तर जातं. ताई, तो तेव्हा आत भोकाड पसरून रडत असतो.

तुझा तो तास बंद कर. आपल्याला कुणी असलं काही शिकवलं नाही, काय बिघडलं आपलं?

एकच सांग. तू आपल्या बापाला ओळखतेस की नाही?

धाकटा

२७ सप्टेंबर

धाकट्या,

ओळखते. पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात मीच फळ्यावर लिहिते की ‘आम्ही त्यांना चांगलं ओळखतो’ हे वाक्य सगळेच म्हणतात, त्यावरून काही ठरवायचं नाही. लिहिताना खडूही मोडत नाही माझा. आता ते वाक्य मला म्हणायचंय आणि माझ्याच अक्षरातला फळा समोर येतो.

तास बंद करू म्हणतोस. याच जुलैत माझ्या वर्गातली एक मुलगी तासानंतर माझ्याजवळ येऊन बसली, आणि तिने जे सांगितलं त्यामुळे आज ती मामाच्या घरी राहत नाही. तिच्या आईनेही मला हेच विचारलं होतं, तू जे विचारलंस ते. तेव्हा मी काय करायला हवं होतं, सांग.

बाबांचं उत्तर आलं. ‘आमचं आमचं असतं. सगळं आईला कळलंच पाहिजे असं कुठाय?’ असं लिहिलंय. मी ते वाक्य उभ्यानेच वाचलं. नंतर बसून वाचलं. एकदा वाटतं, हे आपले नेहमीचे बाबा, मिश्किल. एकदा वाटतं, हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या आजोबांनी लिहिलं असतं तर मी मोठ्या बाईंकडे धावत गेले असते. तेच वाक्य, धाकट्या.

खारूला मी इतक्या वेळा विचारलंय की आता ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर ठरवते. काल म्हणाली, ‘‘तू सांग ना काय सांगू, मी सांगते.’’ मुलांना खोदून विचारू नये, असं तासासाठी लिहिलेल्या माझ्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. खारूचा बाबा म्हणतो, ‘‘पुस्तिका तू लिहिलीस, वाचली कुणी?’’ तो चिडलेला नसतो तेव्हा विनोदी असतो. हल्ली दोन्ही एकदमच असतो.

पाळणा बाहेर आण असं मी म्हणू शकत नाही. आत ठेव असंही म्हणू शकत नाही. तुम्ही दोघं ठरवा.

ताई

४ नोव्हेंबर

चि. ताई,

वाढदिवसाचे आशीर्वाद. सोबतचं पार्सल खारूच्या हातानेच उघड, नाहीतर ती मला जन्मभर बोलेल.

एकाच कापडातून काढलेले दोन कोट आहेत, एक तुझा, एक तिचा. हे निळं गरम कापड मी दुकान बंद करताना राखून ठेवलं होतं. तुझी आई म्हणाली होती, ‘‘हे विकू नका, मायलेकींना करा.’’ तेव्हा खारू पाळण्यात होती. म्हटलं होतं, तुझ्या घरी बसून पुरे करीन. दुपारी तू यायच्या आत दार लावून आम्ही मापं घ्यायचो. पोरगी वाढते केवढी! दर पंधरवड्याला बाही खोटं बोलायची. चिंधीसुद्धा मागे ठेवायची नाही असा आमचा करार होता. तू केर काढताना एक धागा दिसला तरी ओळखशील, हे तिचंच डोकं. निघताना सगळं ट्रंकेत भरून आणलं, आणि इथे रात्री सगळे झोपल्यावर हातानेच शिवलं, धाकट्यालाही कळू दिलं नाही.

मागे तू दुपारचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, झालं, हिला संशय आला. म्हणून जरा उडवाउडवी केली.

तुझं माप मात्र अंदाजाने घेतलंय. नजरेने. चुकलं असेल तर सांग.

रंग इतके दिवस वाळत नाही म्हणजे रंगाऱ्याने पाणी घातलंय. जावईबापूंना म्हणावं, पैसे देताना भिंतीला बोट लावून बघा. की मी तिथे नसलेलाच बरा, असं काही आहे? तसं असेल तर तसं लिही. मी काही लहान नाही. जावईबापूंना माझ्या खोकल्याचा त्रास होत असेल तर मला कळू शकतं.

बाबा

१२ नोव्हेंबर

बाबा,

कोट मिळाले.

खारूने दोरा दातांनी तोडला. निळं कापड दिसलं आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आता सांगू? आता चालेल ना?’’ मग जी सुरू झाली ती थांबेचना. खडूची रेघ काखेत गुदगुल्या करते. टाचणी तोंडात धरून आजोबा बोलतात तेव्हा साप बोलल्यासारखं वाटतं. श्वास रोखायचा नाही, रोखला तर कोट लबाड होतो. एवढं सगळं तिने आठवड्यांमागून आठवडे तोंडात धरलं होतं, टाचणीसारखं.

बाबा, घराला रंग लावलेला नाही. तुमचा खोकला, खारूचा बाबा, यातलं काहीही कारण नव्हतं. आता जे खरं आहे ते लिहिते. तुम्ही बसून वाचा.

तिला शाळेत शिकवलं होतं की अंगाला हात लावून कुणी सांगू नको म्हटलं तर सांगायचं, आणि भेटीचं गुपित असेल तर सांगायचं नाही. माझाच धडा. तुम्ही माप घ्यायला हात वर करायला लावायचात आणि ‘‘आईला सांगू नको’’ म्हणायचात. तिने दोन्ही नियम पाळले. हात वर करायचं तेवढं वर्गात सांगितलं, आणि कोट लपवला. अर्धं सांगितलं, अर्धं जपलं. इतकी शहाणी मुलगी वर्गात दुसरी नसेल, आणि त्या शहाणपणामुळे आम्हा कुणालाच काही कळेना. शाळेने चौकशी केली. तोवर तुम्ही तिच्याबरोबर राहू नये असं ठरलं, आणि मी तुम्हाला पाठवून दिलं. धाकट्याला हे माहीत होतं. बाळाला सर्दी नव्हती.

मी कोट घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी अस्तर उलटून पाहिलं, आतली तुरपाई पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समुपदेशक बाईंनी खारूशी पुन्हा बोलून घेतलं. मग शाळेने लिहून दिलं, ‘शंका घेण्यासारखं काही आढळलं नाही.’ त्यांच्या भाषेत यापेक्षा चांगलं वाक्य नसतं. मी ते घरी आणलं आणि मला कळेना, त्याचं करू काय. ते तुम्हाला दाखवावं तरी अपमान, आणि फाडावं तरी भीती.

आता तुम्ही या. आजच निघा. खारू रोज विचारते.

ताई

३ डिसेंबर

चि. ताई,

उत्तराला उशीर झाला. लिहायला घेतलं की सूनबाई चहा आणायची, आणि चहा पिऊन झाला की लिहावंसं वाटायचं नाही. ती सध्या फार चहा देते. बाळही आणून मांडीवर ठेवते. मी म्हणतो, खाली ठेव, रांगू दे त्याला. तो रांगत माझ्याकडे आला की मी पाय वर घेतो. तिला वाटतं, मी रागावलोय. रागावलेलो नाही. हात पुढे होत नाहीत, एवढंच.

आधी खारूचं. तिने बरोबर केलं. तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही. शिकवलं तसं पोर वागली, यापेक्षा शिकवणाऱ्याला आणखी काय हवं? ‘‘सांगू नको’’ हे मी म्हणायला नको होतं. लपवायचं होतं कापड, आणि शपथ घातली पोरीला. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तयार कपडाच दाखवायचा, कच्चे टाके दाखवायचे नाहीत, अशी सवय. ती घरात आणली.

आता तुझं. तू पाचवीतल्या त्या दिवसाचं विचारलं होतंस आणि मी आईच्या हलक्या हातावर ढकललं. तसं नव्हतं. टेप लावताना एकदम लक्षात आलं की तू मोठी व्हायला लागलीस. आता काय करायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्या उस्तादाने मला बायकांचे कपडे शिवायला शिकवले, पण मुलीला काय सांगायचं असतं ते कुणी शिकवलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. एक वाक्य सुचलं, ते बोललो. मशीनवर बसलो तर सुई बोटात गेली. तू हात वर करून उभी होतीस ते मला दिसत होतं. हात खाली घे, एवढं म्हणायचंही सुचलं नाही.

तेव्हा तुझा तास चांगला आहे. धाकट्याचं ऐकू नकोस.

येण्याचं मात्र जमायचं नाही. थंडी आहे, प्रवास सोसत नाही. मशीन तुमच्याकडेच राहू दे. टेप मी ट्रंकेच्या तळाशी टाकली आहे. आता कुणाचं माप घ्यायचं नाही असं ठरवलंय. वय झालं, नजरही चुकते.

एकच विचारतो, आणि तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. शाळेचं सोड, नियमाचं सोड. तुला वाटलं होतं का गं?

बाबा

१५ डिसेंबर

बाबा,

तुमच्या प्रश्नावर पहिलं उत्तर लिहिलं होतं, ‘नाही, क्षणभरही नाही’. ते वाचायला फार छान वाटत होतं. ते फाडलं, कारण मी मुलांना शिकवते की आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणून मनात नसलेलं सांगू नये. दुसरं लिहिलं, ‘हो’. तेही फाडलं, कारण तेही खरं नव्हतं.

मला माहीत नव्हतं, बाबा. एवढंच आहे माझ्याकडे. सकाळी डबा भरताना मी शंभर टक्के तुमच्या बाजूने असायचे, आणि खारूच्या केसांना तेल लावताना तिची मान माझ्या हातात आली की मला काहीच माहीत नसायचं. त्या मानेशी मला लबाडी करता येत नव्हती. तुम्ही मला लहानपणी हात धरून रस्ता ओलांडायला शिकवलंत, त्या हाताविषयी मी हे लिहितेय. आईला काय वाटलं असतं, याचा विचार मी करत नाही. केला तर लिहिता येणार नाही.

आणि उद्या परत असं झालं तर मी परत तेच करीन. हे मी तुम्हाला आनंदाने सांगत नाहीय. खारूसाठी करीन, दुसऱ्याच्या खारूसाठीही करीन. तुम्ही तास चांगला आहे म्हणालात. त्याची किंमत तुम्हीच भरलीत, आणि वर माझी पाठ थोपटताय. मला कळत नाही या गोष्टीचं मी काय करावं. माफी मागावी तर मग मी चुकले असं होतं, आणि मला तसंही वाटत नाही. न मागावी तर हे पत्र पुरं होत नाही.

खारूने परवा विचारलं, ‘‘मी बरोबर केलं ना?’’ मी म्हटलं, हो. ‘‘आजोबांनी चूक केली?’’ नाही. ‘‘तू?’’ मी म्हटलं, मला वाटतं, मीही नाही. मग ती थोडा वेळ कोटाचं बटण फिरवत बसली आणि म्हणाली, ‘‘मग ते येत का नाहीत?’’ हा प्रश्न माझ्या पुस्तिकेत कुठल्याच पानावर नाही. मी तिला म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, ‘‘त्यांच्याकडे कोट असेल की.’’

मी पुस्तिकेत एक ओळ घातलीय. घरातल्या मोठ्यांनी भेटीचं गुपित ठेवायचं असेल तर घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला आधी सांगून ठेवावं. खारूचा बाबा म्हणाला, ‘‘म्हणजे मला सांगायला हवं होतं. मी तर तासाभरात फोडलं असतं.’’ तो हसला, मग मी हसले. बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच वेळी हसलो.

मागच्या खोलीला आता खरोखरच रंग लावून घेतला. राखाडीकडे झुकणारा निळा. मशीनवर चादर घातली होती, थेंबही पडलेला नाही. रंगाऱ्याचे पैसे द्यायच्या आधी खारूने भिंतीला बोट लावून पाहिलं. वाळलाय.

तिचा कोट तिला अगदी बसतो. माझा खांद्यात बरोबर आहे, पण मुंढ्यात, काखेपाशी, आवळतो. हात वर करता येत नाहीत. वर्गात फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला गेले की शिवण ओरडते. मुलं हसतात. तुमच्या नजरेत मी अजून बारीक आहे, हे कळून मला आधी बरं वाटलं, आणि मग रडू आलं. इथे कोपऱ्यावर एक शिंपी आहे, तो उसवून देईन म्हणाला. मी दिला नाही.

बाबा, येऊन माझं माप घ्या. मागच्या खोलीत, दार उघडं ठेवून. खारू स्टुलावर बसून आकडे लिहून घेईल, तिने तसं ठरवलंय. मी हात वर करून उभी राहीन, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा खाली घेईन. या वेळी तेवढं सांगायला विसरू नका.

तुम्ही नको म्हणाल, हे मला माहीत आहे. थंडी, प्रवास, नजर, सगळी कारणं तुम्ही आधीच लिहून ठेवली आहेत. तरी विचारते. टेप ट्रंकेच्या तळातून काढा आणि या.

तुमची
ताई